हातभर अंतरावरचा सिनेमा

(भिलाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांविषयी प्रास्ताविकात आपुलकीनं बोलून झालं आहे. पुराव्याशिवाय कुणी मोठं विधान केलं की ते लगेच अडवत, असंही आताच कळलं. तेव्हा मी गावातल्याच पुराव्यापासून सुरुवात करतो.

ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेल्या चित्रपटांची यादी काढा. २०१० साली ‘पीपली लाइव्ह’ गेला. त्यातला नत्था, म्हणजे ओंकारदास मानिकपुरी, भिलाईचा. २०१२ साली ‘बर्फी’ गेला. त्याचा दिग्दर्शक अनुराग बसू भिलाईत वाढला, नाटकवाल्या बंगाली घरात. २०१७ साली ‘न्यूटन’ गेला. त्यातलं जंगल दल्ली-राजहऱ्याचं, ज्या डोंगरांतून आपल्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना लोहखनिज येतं तिथलं. आठ वर्षांत तीन चित्रपट, आणि तिन्हींचा धागा शंभरेक किलोमीटरच्या टापूत येऊन पोचतो. मधे २०१५ साली आपल्या मराठीतला ‘कोर्ट’ होता. ऑस्कर यांतल्या एकालाही मिळालं नाही. त्याची खंत करायला आपण जमलेलो नाही.

मला विचारायचं आहे ते वेगळंच. या टापूनं सिनेमाला चेहरे दिले, जंगल दिलं, बोली दिली. त्यातून सिनेमाला माणसाविषयी काही नवं उमगलं का? माझ्या मते उमगलं. आपल्याकडं ओळखीविषयी बोलताना माणसं बहुधा मागं वळून बघतात: जात, गाव, भाषा, घराणं. या टापूशी जोडलेले चांगले चित्रपट पुढं बघतात. समोरचा माणूस आपल्याला हात लावतो की नाही, हात देतो की नाही, यावर आपण कोण ते ठरतं, असं ते सांगतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. पडद्यावर खरोखर हात दिसतात, आणि आज आपण तेच बघणार आहोत.

त्याआधी ‘स्वतंत्र सिनेमा’ म्हणजे काय ते थोडक्यात उरकू. कारण ‘पीपली’मागं आमिर खानची संस्था होती आणि ‘बर्फी’त रणबीर-प्रियांका होते, मग हे कसले स्वतंत्र, असं कुणीतरी म्हणणारच. रास्त आहे. ‘बर्फी’ला मीही स्वतंत्र म्हणणार नाही, तो इथं येतो तो एका प्रसंगासाठी. पण पैसा कुणाचा यावरून स्वातंत्र्य मोजायचं म्हटलं तर आपल्याकडचा निम्मा समांतर सिनेमा बाद होईल. श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’ १९७५ साली सरकारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीनं काढला. सत्यजित रायांचा ‘सद्गती’ १९८१ साली दूरदर्शननं काढला. ‘मंथन’ला १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. या तिन्ही चित्रपटांत आपली स्मिता पाटील आहे. सरकारी पैशानं उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ज्यांची हयात गेली त्यांना हे समजावून सांगायला नको. पैसा सरकारचा असला तरी माणूस ताठ उभा राहू शकतो. तीजनबाईंचंच घ्या. त्या जवळच्याच गनियारी गावच्या. ज्या काळात बायकांनी पंडवानी, म्हणजे इथली महाभारताची लोकगाथा, बसून गायची असा रिवाज होता, त्या काळात त्यांनी हाती तंबुरा घेऊन उभ्यानं गायली, समाजाचा रोष पत्करला, आणि पुढं आपल्या प्लांटमध्ये नोकरी करत जगभर गाऊन आल्या. नोकरीनं त्यांचा भीम बुजला नाही. दिग्दर्शकाचंही तसंच. चेक कुणी फाडला हे दुय्यम. चित्रपट करताना त्याला मान खाली घालून कुणाला उत्तर द्यावं लागलं, हे महत्त्वाचं.

‘चरणदास चोर’चा उल्लेख आलाच आहे तर भिलाईचा हक्क सांगून टाकतो. विजयदान देथांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा नाटककार हबीब तन्वीरांकडं होती. १९७४ साली इथंच, भिलाईत, त्यांनी तिचं पहिलं कच्चं रूप मोकळ्या मैदानात सतनामी समाजाच्या मोठ्या गर्दीपुढं केलं. खोटं न बोलण्याचं वचन पाळता पाळता जिवाला मुकणारा चोर, आणि समोर सत्यालाच ईश्वर मानणारा समाज. सतनाम्यांची पंथी गीतं नाटकात आली ती या गाठीतून. पुढच्या वर्षी बेनेगलांनी तन्वीरांच्या, ‘नाचा’ या इथल्या लोकनाट्यातल्या नटांना घेऊन चित्रपट केला, त्यात राजकन्या झालेल्या स्मिताची ती सुरुवात. १९८२ साली एडिंबरोला नाटकाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. आणि २००९ साली, हबीबजी जाऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, सतनामी समाजातल्या आक्षेपांवरून राज्य सरकारनं याच नाटकावर बंदी आणली. ज्यांच्यासमोर नाटक उभं राहिलं त्यांच्याच नावानं ते अडवलं गेलं. ओळख हा विषय किती निसरडा आहे याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

आता हातांकडं येतो.

‘सद्गती’चं चित्रण छत्तीसगडातल्याच गावांत झालं. कथा प्रेमचंदांची. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायचा म्हणून दुखी (ओम पुरी) ब्राह्मणाच्या दारी जातो. नुकताच तापातून उठलेला, पोटात अन्न नाही. पंडित त्याला आधी अंगण झाडायला लावतो, मग भुसा वाहायला, मग एक गाठाळ ओंडका फोडायला. पंडिताच्या भूमिकेत आपले मोहन आगाशे. दुखी कुऱ्हाड घालत राहतो, ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. जाणारा-येणारा एक गोंड त्याला आधीच सांगून चुकलेला असतो की हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि फुकट राबतोस कशाला. नंतर तोच वस्तीवर जाऊन सांगतो, पोलीस येईपर्यंत प्रेताला कुणी हात लावू नका. ती भूमिका राजनांदगावच्या भैयालाल हेडाऊंनी केली आहे. कलकत्त्याहून आलेल्या रायांनी बाहेरचे नट आणले, पण ज्या एका माणसाला या चित्रपटात सरळ बोलता येतं तो त्यांनी इथला घेतला.

यानंतरचा प्रसंग नीट आठवा. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेलं. ब्राह्मणांच्या बायकांना पाणी भरता येईना. रात्री पाऊस झालेला. पहाटे, गाव उठायच्या आत, पंडित येतो. काठीनं दुखीचा पाय जरा उचलतो, खालून दोरीचा फास सरकवतो, आवळतो आणि ओढत नेतो. मेलेली जनावरं टाकतात तिथपर्यंत. राय यावर भाष्य करत नाहीत. ते फक्त काठी दाखवतात. काठीची लांबी म्हणजे त्या दोन माणसांमधलं अंतर. जिवंतपणी ज्याला घरातला निखारा दुरून फेकून दिला, त्याला मेल्यावरही हात लावायचा नाही. पण ओढायचं तर आहेच. स्पर्श टाळण्यासाठी एक माणूस केवढी मेहनत घेतो! अस्पृश्यतेवरच्या शंभर व्याख्यानांनी जे होणार नाही ते या मिनिट-दोन मिनिटांत होतं.

याच्या अगदी उलट टोकाला ‘भूलन द मेज’ आहे. छत्तीसगडी चित्रपट, दिग्दर्शक मनोज वर्मा, संजीव बख्शींच्या ‘भूलन कांदा’ या कादंबरीवर आधारलेला. २०२१ साली जाहीर झालेल्या सदुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपट ठरला. इथल्या जंगलपट्टीतली समजूत अशी की भूलन कांद्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो. तिथल्या तिथं फिरत राहतो, भान राहत नाही. आणि उतारा? दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याला हात लावायचा. बस. मंत्र नाही, औषध नाही. हात कुठल्या जातीचा हेही त्या समजुतीत विचारलेलं नाही.

कादंबरीत आणि चित्रपटात त्या समजुतीवर एक कायद्याची गोष्ट उभी आहे. जमिनीच्या भांडणात, झटापटीत, भकलाच्या हातून एक माणूस दगावतो. त्याचा तसा इरादा नसतो. त्याच्या घरी बायको-पोरं. तेव्हा गावातला एक एकटा म्हातारा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो, आणि सगळं गाव त्याला साथ देतं. पुढं खरं उघडं पडतं आणि गावच आरोपीच्या पिंजऱ्यात येतं. भकलाची भूमिका आपल्या ओंकारदासची. गाव बरोबर की कोर्ट बरोबर याचा निकाल मी देणार नाही. पण प्रश्न लक्षात घ्या. कायद्याच्या लेखी गुन्हा करणारा एक, त्याचं नाव एक, त्याची सही किंवा अंगठा एक. गावाच्या लेखी ‘मी’ नावाची चीज तेवढ्यावर संपत नाही. चकवा नेमका कुणाला लागलाय, गावाला की न्यायव्यवस्थेला, आणि हात कुणी कुणाला लावायचा, हे चित्रपट प्रेक्षकावर सोपवतो. माझी तक्रारही सांगतो. उत्तरार्धात चित्रपट बोलका होतो, जे दिसलंय ते पुन्हा समजावतो. तरीही छत्तीसगडीत बोलणारा, इथल्याच समजुतीतून जन्मलेला आणि न्यायाच्या मुळाशी हात घालणारा चित्रपट म्हणून तो मोलाचा आहे.

‘पीपली लाइव्ह’मधली मंडळी बहुतेक हबीबजींच्या नया थिएटरची. म्हणजे भिलाईच्या मैदानातल्या त्या प्रयोगाचेच वारस. अनुषा रिझवींच्या या चित्रपटात नत्था आत्महत्या करणार अशी बातमी फुटते आणि गावात जत्रा भरते. कॅमेरे, मंत्री, कलेक्टर, पाळणे. सगळ्या देशाला नत्था ठाऊक होतो. पण मोजून बघा, त्याला काय हवंय असं विचारायला किती जण त्याच्याजवळ जातात? मोठा भाऊ बुधिया जातो, पण तो स्वतःच त्याला मरणाकडं ढकलणारा. त्याच गावात होरी महतो नावाचा एक माणूस रोज माती खणून विकतो आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यात मरून पडतो. नाव ‘गोदान’मधल्या होरीचं. त्याच्याकडं एकच बातमीदार वळून बघतो, आणि तो बातमीदारच शेवटी आगीत जातो. लोक त्यालाच नत्था समजतात. खरा नत्था शेवटच्या दृश्यात गुडगावच्या एका बांधकामावर धुळीनं माखलेला बसलेला दिसतो. ज्याला सगळा देश ओळखत होता त्याला शेजारचा मजूरही ओळखत नाही. प्रसिद्धी आणि ओळख यांत केवढी दरी असते ते ओंकारदासच्या चेहऱ्यावर दिसतं. तो चेहरा काही मागत नाही, रडतही नाही. नाच्यात वर्षानुवर्षं लोकांना हसवून आलेल्या नटालाच इतकं थोडकं करणं जमतं.

आणि ‘बर्फी’तला तो प्रसंग. मुका-बहिरा बर्फी आपल्या माणसांची परीक्षा घेतो. दिव्याचा लाकडी खांब बुंध्याशी कापून ठेवतो, सोबतच्याचा हात धरून खाली उभा राहतो. खांब झुकला की जो तो हात सोडून पळतो. मित्रही पळतो, प्रेयसीही. खांब पडतो तो त्यांच्या पुढ्यात, इजा कुणाला होणारच नसते. झिलमिल तेवढी हात सोडत नाही. चित्रपट गोड आहे, कधी कधी फारच गोड आहे, पण या प्रसंगात संवाद नाही, पार्श्वभूमी नाही, जात-भाषा नाही. धरलेला हात आणि कलणारा खांब, एवढंच. भाषणबाजी न करता सांगणं म्हणजे काय ते यातून शिकण्यासारखं आहे.

‘न्यूटन’कडं मी मुद्दाम शेवटी आलो, कारण त्यात हात लागत नाही. दिग्दर्शक अमित मसुरकर. नक्षलग्रस्त जंगलात शहात्तर मतदारांचं एक केंद्र, आणि नियमानं मतदान घेणारच असा हट्ट धरलेला तरुण कारकून. त्याच्यासोबत बूथ लेव्हल ऑफिसर म्हणून मलको ही स्थानिक आदिवासी शिक्षिका. ही भूमिका नाशिकच्या अंजली पाटीलची. न्यूटन प्रामाणिक आहे, निर्भय आहे आणि ज्यांच्यासाठी आलाय त्यांची भाषा त्याला येत नाही. गावकरी येतात तेव्हा त्यांना मतदान म्हणजे काय, उमेदवार कोण, काहीच माहीत नसतं. न्यूटन समजावू लागतो. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मा सिंह, पंकज त्रिपाठी, चिडून त्यांना सांगतो की हे खेळणं आहे, वाटेल ते बटण दाबा. एक हुकूम करतो, एक उपदेश करतो. विचारत कुणीच नाही. गोंडी आणि हिंदी दोन्ही येणारी एकटी मलको. तुम्ही निराशावादी आहात का, असं न्यूटन विचारतो तेव्हा ती शांतपणे सांगते की मी आदिवासी आहे. इथून काही तासांवर राहता, पण तुम्हाला काहीच ठाऊक नाही, हा तिचा सूर सबंध चित्रपटभर आहे. तिच्या सुरात राग नाही. भिलाईकरांनी तो सूर जरा जास्त लक्षपूर्वक ऐकावा, कारण दल्ली-राजहरा आपल्यापासून खरोखरच काही तासांवर आहे, आणि १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं तेव्हापासून तिथली माती रोज आपल्याकडं येते. माणसं किती आली, आणि आली ती कुठल्या कामाला, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. राय बंगालचे, बेनेगल हैदराबादचे, मसुरकर मुंबईचे. छत्तीसगडनं फक्त नट आणि जागा पुरवायच्या? हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कारण १९६५ सालीच रायपूरकडच्या मनू नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगडी चित्रपट काढला होता. विषय कोणता निवडला? ब्राह्मण मुलगी आणि सतनामी मुलगा यांचं प्रेम. मुंबईत नोकरी केलेल्या माणसानं पदरमोड करून, उसनवारी करून काढलेला कृष्णधवल चित्रपट. गाण्यांना महंमद रफींचा आवाज. प्रदर्शनाआधीच उच्चवर्णीयांमधून विरोध उठला. मराठीत नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ २०१३ चा. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, ज्याला आपण सिनेमाच्या नकाशावर धरतही नाही अशा भाषेतला पहिलाच चित्रपट थेट जातीवर बोलला. नंतर या भाषेतला सिनेमा बराचसा नाचगाण्यांत आणि मारामारीत रमला. पण पाया कशाचा घातला होता ते विसरता कामा नये.

आपल्या मराठीतही गेल्या दहा-बारा वर्षांत हाच शोध चालू आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक होते, २०२१ साली कोरोनानं गेले. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली सनडान्सच्या जागतिक कथापट विभागाचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि गावातच राहिलेला बालपणीचा मित्र बाळ्या. लग्न कधी करणार, हे विचारायला नातेवाइकांची रांग लागलेली. त्या गर्दीत हे दोघं एकमेकांना ज्या सावधपणे हात लावतात, त्यात आनंदची ओळख त्याला प्रथमच कुणीतरी न हिणवता परत दिल्यासारखी वाटते. ‘सद्गती’तली काठी आणि हा हात यांच्यामध्ये चव्वेचाळीस वर्षं आहेत. तेवढ्यात अंतर संपलं असं म्हणायला मी धजत नाही. पण ते पडद्यावर मोजलं जातंय, आणि मोजणारे आता त्या अंतराच्या दोन्ही बाजूंचे आहेत.

आता आपल्याविषयी, भिलाईतल्या मराठी माणसांविषयी. नागपूर, वर्धा, अमरावती, भंडाऱ्याहून आपली माणसं इथं आली, प्लांटमध्ये लागली, कारखान्याच्या सेक्टरांत राहिली. गणपती बसवले, पुण्या-मुंबईची नाटकं आणवली. हे सगळं अभिमानानं सांगावं असंच आहे. पण घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंशी छत्तीसगडीत चार वाक्यं बोलण्यापलीकडं आपण किती गेलो? तिच्या गावचा नाचा कितीदा बघितला? परमुलखात आपली ओळख टिकवायची म्हणून आपण कुंपण घातलं. त्या वेळी ते गरजेचं असेल. आता तिसरी पिढी हिंदीत विचार करते, मराठी आजीशी बोलण्यापुरती उरली आहे, आणि कुंपण मात्र जागच्या जागी आहे. टिकवायचं ते आत राहिलेलंच नाही.

म्हणून आयोजकांसमोर तीन सूचना ठेवतो. एक, महिन्यातून एका रविवारी याच सभागृहात एक चित्रपट दाखवा, एक मराठी तर पुढचा छत्तीसगडी किंवा गोंडवनाशी नातं सांगणारा. सुरुवात ‘कहि देबे संदेस’पासून करा, त्याची प्रत मिळवण्याची खटपट करावी लागेल, ती करा. दोन, चित्रपट संपल्यावर अर्धा तास दिवे लावून बोलायचं, आणि बोलायला पहिला मान पाहुण्या समीक्षकाला न देता ज्या गावचा, ज्या वस्तीचा चित्रपट आहे तिथल्या माणसाला द्यायचा. ओंकारदास याच गावचे. त्यांना बोलवायला विमानाचं तिकीट लागत नाही. तीन, प्रवेश मोफत ठेवा आणि निमंत्रण कॅम्प आणि खुर्सीपारच्या वस्त्यांत आधी पोचवा, सेक्टरमध्ये नंतर.

चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दूरदर्शन आता ‘सद्गती’सारखे चित्रपट काढत नाही. मोबाइलवर सगळं मिळतं, पण एकेकट्यानं बघायला मिळतं. अशा वेळी स्वतंत्र सिनेमाला दिग्दर्शकाइतकीच स्वतंत्र प्रेक्षकांची गरज आहे, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार हे जातीनं किंवा सेक्टरनं ठरवू न देणाऱ्या प्रेक्षकांची. असे दोनशे प्रेक्षक भिलाईत तयार झाले तर पुढचा दिग्दर्शक कलकत्त्याहून किंवा मुंबईहून यायची वाट बघावी लागणार नाही. खुर्च्या मांडायच्या कामाला मी येतो. तारीख तुम्ही ठरवा.